चार्ज? कसला चार्ज?

आमच्या शेजारच्या आजींना बँकेचा मेसेज आला. मेसेज इंग्रजीत. नातू शाळेत गेलेला. आजींना त्यातला एकच शब्द लागला, चार्ज. त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला आणि कामाला लागल्या.

पुढच्या महिन्यात तसाच मेसेज आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तिसऱ्या वेळी नातू घरी होता. त्याने वाचून सांगितलं की खात्यात ठरलेली किमान शिल्लक नाही, म्हणून बँक दर महिन्याला पैसे कापतेय. निराधार योजनेच्या पैशातून ते पैसे गेले होते.

आजींची यात काहीच चूक नव्हती. हा शब्दच तसा आहे. तो आपल्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा येतो आणि दर वेळी वेगळं काम घेऊन येतो. मोबाइल चार्ज करा. डॉक्टर किती चार्ज करतात? नव्या साहेबांनी चार्ज घेतला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. फ्लॅटवर बँकेचा चार्ज आहे. शब्द एक, पण एका ठिकाणी तो वायरचा आहे, दुसऱ्या ठिकाणी पैशाचा, तिसऱ्या ठिकाणी थेट घराच्या मालकीचा.

त्याचं मूळ सांगते, म्हणजे तुम्हाला तो पकडता येईल. लॅटिन भाषेत गाडीला कारुस म्हणत. त्यावरून गाडीत ओझं भरण्याचा शब्द झाला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि चार्ज झाला. म्हणजे मुळात अर्थ भार घालणं, एवढाच. बॅटरीवर विजेचा भार. माणसावर कामाचा भार. जमिनीवर कर्जाचा भार. खिशावर पैशाचा भार. आरोपीवर गुन्ह्याचा भार.

आपल्या मराठीने या प्रत्येक भाराला वेगळा शब्द ठेवला आहे. वीजबिलात आकार. सोनाराकडे मजुरी. सातबाऱ्यावर बोजा. खुर्चीला पदभार. कोर्टात दोषारोप. हे शब्द नुसते ऐकले तरी आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

म्हणून माझी तुम्हाला पहिली विनंती. कुणीही चार्ज म्हणालं की विचारा, “कसला चार्ज? मराठीत सांगा.” मग विचारा, हा कुणावर आहे, किती आहे आणि कधी उतरणार. विचारताना लाजू नका. समोरच्याला मराठीत सांगता येत नसेल, तर त्याला स्वतःलाही तो नीट कळलेला नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी सही करायची नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत.

आता पैशापासून सुरुवात करू. रोजचा त्रास तिथेच आहे.

महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. घरी आल्यावर पेन्सिल घेऊन बसा. जी रक्कम तुम्ही काढली नाही, पण खात्यातून गेली आहे, तिच्यापुढे खूण करा. तेवढ्याच खुणा घेऊन बँकेत जा आणि एकेक विचारा. किमान शिल्लक नसल्याचे पैसे, कार्डाचे वर्षाचे पैसे, मेसेजचे पैसे, चेक परत गेल्याचे पैसे, असं काहीबाही निघेल. त्यातलं काही तुम्हाला नको असेल तर तसं लिहून द्या. जे कार्ड कपाटातून कधी बाहेरच येत नाही, त्याचे पैसे दरवर्षी कशाला भरायचे?

किमान शिल्लक ठेवणं जमत नसेल, तर मूलभूत बचत खातं मागा. लोक त्याला झिरो बॅलन्स खातं म्हणतात. २०१४ साली जनधन योजनेत उघडलेली खाती याच जातीची. हे खातं सगळ्या बँकांनी द्यायचं असतं आणि त्यात शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. जुनं खातं बदलून घ्या किंवा बंद करा. आजींनी तेच केलं.

एटीएमही हिशेबाने वापरा. आपल्याच बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच वेळा फुकट. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर मुंबईत तीन वेळा, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी पाच वेळा. त्यानंतर दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. हा दर १ मे २०२५ पासूनचा आहे. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक बघणंही यात मोजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दोनशे रुपये काढण्याआधी एकदा आणि नंतर एकदा शिल्लक बघितली, की तुमच्या तीन वेळा संपल्या.

कर्ज काढताना तर हा शब्द बोटाने शोधून काढा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने सक्ती केली आहे की घरगुती कर्जदाराला सही करण्याआधी एक मुख्य माहितीपत्रक द्यायचं. त्यात व्याज असतं आणि प्रक्रिया शुल्क, विमा, कागदपत्रांचा खर्च असे सगळे चार्जही असतात. हे सगळं धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, तो आकडा त्यात दिलेला असतो. तुम्ही तोच आकडा बघा. ‘फक्त एवढे टक्के व्याज’ असं तोंडी सांगणाऱ्याचं ऐकून घ्या आणि मग कागद मागा. जो चार्ज त्या कागदावर नाही, तो तुमची संमती घेतल्याशिवाय नंतर लावता येत नाही.

हप्ता चुकला तर दंड लागतो. पण २०२४ पासूनच्या नियमाने तो दंड म्हणजे वाढीव व्याज नव्हे. दंड वेगळा दाखवायचा आणि दंडावर व्याज चढवायचं नाही. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज तुम्ही मुदतीआधी फेडलंत, तर लवकर फेडल्याचा चार्ज लागत नाही. मुलाचा बोनस आला, शेताचे पैसे आले, तर निःशंक मनाने भरून टाका.

चुकीचे पैसे कापले गेले असतील तर भांडू नका. अर्ज लिहा. पोच घ्या. ३० दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. १४४४८ हा त्यांचा फोन आहे. तक्रारीला पैसे पडत नाहीत.

वीजबिलाकडे वळते. महावितरणचं बिल मराठीत असतं, हा मोठा आधार आहे. एकदा शांतपणे वाचा. स्थिर आकार म्हणजे जोडणी चालू ठेवण्याचे पैसे. घर सहा महिने बंद असलं तरी ते लागतात. गावाकडच्या बंद घराचं बिल आलं म्हणून मीटर बिघडला, असं लगेच समजू नका. वीज आकार म्हणजे तुम्ही वापरलेल्या युनिटचे पैसे. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचे. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर. वापर कमी केला की स्थिर आकार हलत नाही, बाकीचे तिन्ही कमी होतात.

याच वीजबिलाच्या नावाने फसवणूकही चालते. ‘बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा,’ असा मेसेज येतो. घाबरू नका. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही. मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. जुन्या बिलावरचा नंबर लावा.

अशा लबाडांचं एक ठरलेलं वाक्य असतं. ‘आधी थोडा चार्ज भरा, मग पैसे मिळतील.’ कर्ज मंजूर झालंय, फाइल चार्ज भरा. नोकरी पक्की, गणवेशाचा चार्ज भरा. बक्षीस लागलंय, कराचा चार्ज भरा. ज्याने तुम्हाला पैसे द्यायचे, तोच आधी तुमच्याकडे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या. मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसगत झालीच तर रडत बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

छोट्या खर्चांचं थोडक्यात. दुरुस्तीवाल्याला फोनवरच विचारा, नुसतं बघायला येण्याचे किती, कामाचे किती, सुटा भाग वेगळा का. तो येऊन फ्रिज उघडून बसला की भाव करता येत नाही. सोनाराकडे सोन्याचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. गॅस सिलिंडर घरपोच आणण्याचा खर्च बिलाच्या रकमेतच धरलेला असतो. चार जिने चढून आलेल्या माणसाला तुम्ही खुशीने काही दिलंत तर तो तुमचा चांगुलपणा, पण ती सक्ती नाही. हॉटेलच्या बिलात आपोआप जोडलेला सेवा आकारही देणं बंधनकारक नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शांतपणे काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा फोन आहे.

आता ज्या चार्जची मला खरी काळजी वाटते, त्याबद्दल बोलते. तो मेसेजमध्ये येत नाही. तो जमिनीवर, घरावर, गाडीवर गुपचूप बसून राहतो. मराठीत त्याला बोजा म्हणतात.

माझ्या काकांनी विकास सोसायटीकडून पीककर्ज घेतलं होतं. असं कर्ज घेताना शेतकरी इकरार लिहून देतो आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात चढते. काकांनी दोन हंगामांत कर्ज फेडलं. पावती घेतली, ट्रंकेत ठेवली, विषय संपला असं धरलं. अकरा वर्षांनी विहिरीसाठी दुसऱ्या बँकेत गेले, तर सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच. सोसायटीचा सचिव बदललेला, जुनं दप्तर सापडेना. विहीर एक उन्हाळा मागे पडली. ती पावती ट्रंकेत नसती तर काय झालं असतं, ते मला अजूनही सांगवत नाही.

कर्ज फेडणं आणि बोजा उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम पैशाने होतं. दुसऱ्यासाठी कागद लागतो.

शेतजमीन असेल तर असं करा. शेवटचा हप्ता भरला की सोसायटीकडून किंवा बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. तो जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतूनही हा अर्ज करता येतो. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, मग नोंद मंजूर होते. तिथे थांबू नका. महिन्या-दोन महिन्यांनी नवा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो रकाना मोकळा दिसेपर्यंत काम पुरं झालेलं नाही.

घरकर्जाला तर तुमच्या बाजूने चांगला नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने किंवा वित्त कंपनीने ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची. कुठल्याही नोंदणी कार्यालयात चढवलेला चार्जही त्याच ३० दिवसांत उतरवायचा. त्यांच्याकडून उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला द्यायची. कागद त्यांच्याकडून हरवले तर नक्कल मिळवून देण्याचा खर्चही त्यांचा, फक्त त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. शेवटच्या हप्त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिथून दिवस मोजा. कागद घेताना तिथेच, काउंटरवर, जुन्या यादीशी एकेक ताडून बघा.

गाडी किंवा रिक्षा कर्जावर घेतली असेल तर नोंदणी पुस्तकावर बँकेचं नाव असतं. कर्ज फिटलं की ना हरकत दाखला आणि ३५ नंबरच्या फॉर्मच्या दोन सही-शिक्क्याच्या प्रती मागा. त्या घेऊन लगेच आरटीओत जा. बँकेचा दाखला तीन महिनेच चालतो. ‘विकू तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांना नंतर पुन्हा बँकेच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तोवर ती शाखाच दुसरीकडे गेलेली असते.

तुम्ही जुनं घर किंवा जमीन विकत घेत असाल, तर मालकाला सरळ विचारा, यावर कुणाचा बोजा आहे का? तो ‘नाही’ म्हणाला तरी कागद बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध, वकिलाकडून, शक्यतो मागच्या तीस वर्षांचा. गृहनिर्माण सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला. घरपट्टीची शेवटची पावती. माणूस भला दिसतो म्हणून शोध टाळू नका. भल्या माणसाच्या जमिनीवरही त्याच्या वडिलांनी केलेला बोजा असू शकतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

मोबाइल आणि स्कूटरचा चार्ज तुम्हाला ठाऊकच आहे. तरी दोन शब्द. बॅटरी फुगलेली दिसली की वापरणं बंद. विजेच्या स्कूटरला तिच्याबरोबर आलेलाच चार्जर लावा, आणि ती जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत लावून झोपू नका. आग लागली तर बाहेर पडायची तीच एक वाट असते.

आता घाबरवणारा अर्थ. चार्जशीट.

हा शब्द ऐकला की घरातलं जेवण थांबतं. पण आधी विचारा, कुणाचं चार्जशीट? पोलिसांचं की कामावरचं? आमच्या ओळखीतल्या एका मुलाला कारखान्यातून चार्जशीट मिळालं. उशिरा येण्याबद्दल होतं. त्याच्या आईला वाटलं, पोलीस येणार. ती दोन दिवस अंथरुणाला खिळली.

कामावरचं चार्जशीट म्हणजे मालकाने किंवा खात्याने लिहिलेलं दोषारोपपत्र. तुमच्यावर असा असा आरोप आहे, उत्तर द्या, एवढंच त्यात असतं. ते हातात घेणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. ‘मिळालं’ असं लिहून तारीख घालून सही करा. उत्तराची मुदत बघा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसणं सगळ्यात वाईट. चौकशीला सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस आणता येईल का, ते विचारा.

पोलिसांच्या बाबतीत तीन पायऱ्या वेगवेगळ्या समजून घ्या. पहिली, गुन्हा नोंदला जातो. ती फक्त खबर असते. खबर तुम्ही दिली असेल तर तिची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी, ती मागून घ्या. दुसरी, तपास करून पोलीस न्यायालयात आरोपपत्र देतात. तेच चार्जशीट. आरोपी कोठडीत असेल आणि ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत ते दिलं गेलं नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तिसरी पायरी म्हणजे न्यायालय कागद बघून आरोप निश्चित करतं. न्यायाधीश तो आरोप वाचून आणि समजावून सांगतात आणि कबूल आहे का, विचारतात. समजला नसेल तर ‘समजला नाही’ म्हणा. भीतीने मान हलवू नका.

या तिन्हींपैकी कुठल्याही पायरीवर माणूस दोषी ठरलेला नसतो. गावाने, भावकीने आणि लग्न जुळवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर फार बरं होईल. चार्जशीट लागलेल्या मुलाच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडताना मी पाहिलं आहे. पुढे तो मुलगा निर्दोष सुटला, पण ते स्थळ परत आलं नाही.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० ला फोन करून विचारा.

नोकरीच्या फॉर्मवर या तीन पायऱ्यांबद्दलचे प्रश्न वेगवेगळे येतात. गुन्हा नोंद आहे का? आरोपपत्र आहे का? शिक्षा झाली आहे का? घाईने सगळीकडे ‘नाही’ लिहू नका. प्रश्न कुठल्या पायरीबद्दल आहे ते बघा आणि खरं लिहा. लहानसहान प्रकरणापेक्षा ते लपवल्यानेच नोकरी जास्त अडते.

आणि कुणी व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून सांगितलं, ‘तुमच्यावर चार्जेस आहेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका,’ तर फोन ठेवून द्या. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा. निवृत्तीचे पैसे ज्यांच्या खात्यात आहेत, त्यांना असे फोन जास्त येतात.

चार्जच्या आधी ‘डिस’ लागला की भार उतरला. दवाखान्यातून डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं. पण जखमेतून, डोळ्यातून पाणी किंवा पू येतो, त्यालाही डॉक्टर डिस्चार्जच म्हणतात. माझ्या भाचीचं बाळंतपण शस्त्रक्रियेने झालं. घरी आल्यावर फोनवर नर्सने विचारलं, “डिस्चार्ज आहे का?” भाची म्हणाली, “हो, परवाच मिळाला.” नर्सने विचारलं होतं टाक्यांबद्दल. नर्सला काय वाटलं कोण जाणे, तिने पुढे काही विचारलं नाही. चार दिवसांनी ताप चढला तेव्हा कळलं की टाके चिघळलेत. वेळेत उपचार झाले, बाळ-बाळंतीण बरी आहेत. पण तुम्ही फोनवर विचारत जा, “डिस्चार्ज म्हणजे स्राव का?” नर्सताई, डॉक्टर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही हात जोडून सांगते, स्राव म्हणा, पाणी म्हणा, पू म्हणा.

दवाखान्यात भरती होतानाच दरपत्रक बघा. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची असते, २०२१ च्या नियमांनी तसं ठरवलं आहे. दर दोन दिवसांनी झालेलं बिल मागत जा. शेवटच्या दिवशी एकदम आकडा बघून छातीत कळ येण्यापेक्षा ते बरं. परिस्थिती बेताची असेल तर विचारा, हे धर्मादाय रुग्णालय आहे का? तसं असेल तर तिथल्या दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत असू द्या. सुटताना डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव, औषधं, पुन्हा यायची तारीख आणि कशाने धावत यायचं ते लिहिलं आहे ना, हे तिथेच बघा.

राहिला पदभार. हा चार्ज सरकारी साहेबच घेतात असं नाही. बचत गटाची अध्यक्ष बदलते. गणेश मंडळाचा खजिनदार बदलतो. सोसायटीचा सचिव बदलतो. शेजारधर्माचा मामला असतो, म्हणून कुणी काही लिहून ठेवत नाही. ‘वहिनी, सगळं तिथेच आहे बघा,’ एवढ्यावर चार्ज दिला जातो. वर्षभराने तीन हजार रुपये कमी निघतात आणि वीस वर्षांची मैत्री तुटते.

तुमच्याकडे असा चार्ज आला तर एक वही घ्या. आधीच्या ताईंना घरी बोलावा, चहा ठेवा, आणि आणखी दोघींना साक्षीला बसवा. रोख रक्कम सगळ्यांसमोर मोजा. पासबुक आणि वही ताडून बघा. चेकबुकातले किती चेक उरलेत, त्यांचे नंबर लिहा. भांडी, सतरंज्या, स्पीकर, जे असेल ते उतरवून घ्या. बँकेत सहीचा अधिकार कुणाच्या नावावर आहे ते विचारा आणि त्याच आठवड्यात बदलून घ्या. तारीख घाला. देणारीने सही करावी, घेणारीनेही करावी. दोघींकडे एकेक प्रत राहू द्या.

कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तेही त्याच वेळी विचारून घ्या.